यादीतली पाचवी जागा

मायामी, २ सप्टेंबर

प्रिय तांती,

तुझे गुडघे दुखत असतील आणि जीभ ठणठणीत असेल, असं धरून लिहायला बसलोय.

आत्याबाई, तुझ्या भाच्याला बढती मिळाली आहे. म्हणजे मिळण्याच्या बेतात आहे. कंपनीचं नवं जहाज ऑक्टोबरच्या शेवटापासून दर दुसऱ्या गुरुवारी आपल्या बेटावर थांबणार. सकाळी आठला नांगर, दुपारी चारला भोंगा. तेवढ्या वेळात दोन हजार माणसांनी अख्खं बेट 'अनुभवायचं' आहे. त्यांतल्या पुष्कळांना डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्यावर पालथं पडायचं असतं. इकडे त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात आणि त्यासाठी लोक वर्षभर रजा साठवतात.

तर या पालथ्या मंडळींसाठी बेटावरच्या सर्वोत्तम पाच जागा निवडायचं काम माझ्याकडे आलंय. का, तर मी तिथला. आमची साहेबीण ब्रिजेट म्हणाली, "तू तर माशासारखा पाण्यातच वाढला असशील!" मी नुसता हसलो. पाणी गुडघ्यावर चढलं की मला घाम फुटतो, हे या सात मजली इमारतीत कुणाला माहीत नाही आणि सांगायला कुणी विचारलेलंही नाही. यादी पसंत पडली तर जानेवारीपासून सगळ्या बेटांचा कारभार माझ्याकडे येईल, खिडकीशेजारचं टेबल मिळेल.

कुठे काय दिसतं, कधी जावं, कुठे जाऊ नये, एवढं कळव. फोन करू म्हणालो तर तू म्हणशील की फोनवर ओरडावं लागतं. पत्रातही तू ओरडतेसच, पण मला ते हळूहळू वाचता येतं.

तुझा भाचा,
जर्व्हन

*

बेल रिव्ह, १४ सप्टेंबर

जर्व्हन,

तू माशासारखा पाण्यात वाढलास, हे मी पोस्टाच्या पायरीवरच वाचलं आणि तिथेच बसून इतकी हसले की पोस्टातल्या बाईने मला पाणी आणून दिलं. आंघोळीची बादली दिसली की टेबलाखाली शिरणारा हा कोणता मासा, ते तुमच्या ब्रिजेटबाईंना विचारून कळव.

सर्वोत्तम जागा हव्यात ना? घे. पहिली, बंदराच्या धक्क्याखाली. तिथे बाटल्या आहेत, एक शिलाईमशीन आहे आणि मागच्या कार्निव्हलला दारूच्या नशेत पाण्यात गेलेला ढोल आहे. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसला तर नशीब. दुसरी, कसाईखान्याच्या मागे. मंगळवारी आणि शुक्रवारी शार्क हमखास. उतरायचं की नाही ते पर्यटकांनी ठरवावं, पुढचं शार्क ठरवतील.

झाली थट्टा. आता खरं लिहिते, कारण तुझ्या भरवशावर माणसं पाण्यात उतरणार, आणि कुणी बुडालं तर आपल्याच चर्चच्या अंगणात पुरायची वेळ येईल. तिथे आधीच दाटी आहे.

'दोन बहिणी' नावाचे खडक तुला आठवत असतील. कमरेएवढं पाणी, म्हाताऱ्यांना आणि घाबरटांना बरं. पण दहाच्या आत जायचं. तेव्हा ऊन तिरपं असतं, खडकाखालच्या कपारीपर्यंत पोचतं आणि माकुल्या, म्हणजे तुमचे ते स्क्विड, ओळीने उभ्या दिसतात. दुपारी वारा सुटला की सगळं ढवळतं. पॉइंट बारीला खडक एकदम खाली जातो, तिथे दाराएवढे प्रवाळाचे पंखे आहेत आणि कासवं येतात. पण पोहता येणाऱ्यानेच जावं, तेही बरोबर होडी ठेवून. ओहोटी लागली की तिथलं पाणी सरळ व्हेनेझुएलाकडे ओढतं, आणि व्हेनेझुएलाहून चारच्या भोंग्याला कुणी परत आलेलं नाही. तिसरी जागा बुडालेल्या मालवाहू बार्जची. पिवळे पट्टेवाले मासे अंगाला टोचतात, बाकी काही करत नाहीत. पाऊस झाला की नदीच्या तोंडाजवळ तीन दिवस फिरकायचं नाही, पाण्याचा कोको-टी झालेला असतो.

मिनेटचं नाव मात्र कागदावर घेऊ नकोस. कारण तुला माहीत आहे, पण हल्ली तू विसरायचा पगार घेतोस, म्हणून परत सांगते. नोव्हेंबरपासून अमावास्येच्या आसपास जॅक मासे थव्याने मिनेटच्या किनाऱ्याला लागतात. लुबिन टेकडीवरच्या बदामाखाली पहाटेपासून बसतो. थवा दिसला की शंख फुंकतो. मग रापणीचं लांब जाळं टाकून ते बंद होईस्तोवर पाण्यात कुणी पाय घालायचा नाही, वल्हं नाही, रेडिओ नाही. पाणी हललं की थवा गेला, आणि थवा गेला की अर्ध्या गावाचं जेवण गेलं. रापणीचा दोर ओढील त्या प्रत्येकाला वाटा, आणि लुबिन ज्यांची नावं सांगतो त्या बाहेरगावच्यांनाही. तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली, पण लुबिन वाटे पुकारतो तेव्हा या घरी तुझा वाटा येतो. मी तो तळून खाते आणि चव कशी होती ते तुला कळवते. तेवढं तरी शाबूत राहू दे.

तांती क्लोडेट

*

मायामी, २७ सप्टेंबर

प्रिय तांती,

तुझं लिखाण इथे भयंकर गाजलं. ब्रिजेटने माकुल्यांची ओळ जशीच्या तशी उचलली. व्हेनेझुएलाचं वाक्य वकिलांनी काढलं आणि त्याजागी 'प्रवाह अनुभवी पोहणाऱ्यांना आनंद देतो' असं घातलं. शिलाईमशीन एका मुलीला फार आवडलं होतं, पण ते कुठल्या सदरात बसवायचं यावर बैठकीत एकमत झालं नाही.

तुझ्या तीन जागा पहिल्या तीन. चौथी कंपनीच्या जुन्या पुस्तकातली, तिथे हॉटेल आहे, त्यामुळे तिथे बघण्यासारखं काही नसलं तरी चालतं. पाचवी ब्रिजेटला 'स्थानिक लोक कुणालाही सांगत नाहीत अशी' हवी होती. कुणालाही न सांगायच्या जागेच्या दोन हजार प्रती छापायच्या होत्या, म्हणून जरा घाई झाली. मी माझ्या लहानपणातली एक घातली. कोणती ते विचारू नकोस, तुला हसू येईल. मी सगळा विचार केलाय, काळजीचं काही नाही.

खिडकीशेजारच्या टेबलावर सध्या एक कुंडी आहे. ती हलवतील असं दिसतंय.

जर्व्हन

*

बेल रिव्ह, ९ ऑक्टोबर

जर्व्हन,

विचारू नकोस म्हणालास, पण मी ओळखलं. चर्चखालचं डबकं! घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून 'मी पोहतोय, मी पोहतोय' म्हणून ओरडायचास तेच ना? ते यादीत घातलंस हे वाचून मला तुझी अशी माया आली की काय सांगू. तुमच्या दोन हजार लोकांना सांग, तिथे एक्याऐंशी साली माझं कानातलं पडलंय. पालथे पडलेच आहेत तर तेवढं बघावं.

इकडे तयारी जोरात आहे. हेस्केथने त्याच्या कोंबड्या वाहायच्या व्हॅनवर कासव रंगवलंय. लांबून ते फणसासारखं ब्रेडफ्रूट वाटतं. शहरातली एक बाई आपल्या बेटाचे शंख-शिंपले म्हणून जे विकायला बसणार आहे, ते फिलिपिन्सहून खोक्यात आलेत, मी खोकं पाहिलंय. एकूण काय, बेट अनुभवायला तयार आहे.

तांती

*

बेल रिव्ह, ३० ऑक्टोबर

जर्व्हन,

परवा तुमचं जहाज आलं. चर्चखालच्या डबक्यावर मी सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते. कुणी आलं नाही. अकराला हेस्केथचा पोरगा धावत सांगत आला की बावीस माणसं मिनेटला उतरली आहेत.

त्यांच्यातल्या एका बाईने मला तुझा कागद दाखवला. 'पाचवी जागा. कोळ्यांचं गुपित, जिथे बदामाच्या झाडाखाली म्हातारा शंख फुंकतो आणि वेळ थांबतो.' वेळ नाही रे थांबत, लुबिन थांबतो. दोन महिने दररोज पहाटेपासून थांबतो. 'प्रवाळाचा अस्पर्श बगीचा' असंही छापलंय. अस्पर्श बगीच्यावर एक गृहस्थ उभे राहून फोटो काढून घेत होते.

नशीब म्हण, की पौर्णिमा होती. पौर्णिमेला थवा लागत नाही, त्यामुळे कुणाचं काही गेलं नाही. लोकही वाईट नव्हते. एकाने मला टोपी दिली. पण लुबिनने विचारलं, "हे कुणी लिहिलं, क्लोडेट?" मी म्हणाले, "छापखान्याने." या वयात मला लुबिनशी खोटं बोलायला लावलंस.

यादीतून ते नाव काढ. पुढचं जहाज येण्याआधी काढ. मी एकदाच खोटं बोलू शकते, दुसऱ्यांदा मला हसू फुटतं आणि ते पकडतात.

तांती

*

मायामी, ८ नोव्हेंबर

प्रिय तांती,

तू रागावणार हे मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही. पण मला इतका बेअक्कल समजू नकोस. पौर्णिमा होती ते नशीब नव्हे, ती मी बघून धरली होती. पहिल्या सहलीच्या तारखेची चर्चा चालली होती तेव्हा सात मजली इमारतीत चंद्राचा विचार करणारा मी एकटा होतो. ब्रिजेटला म्हणालो, अठ्ठावीस तारीख शुभ आहे. तिने लगेच मान्य केलं, आमच्या बेटांवरचं शुभाशुभ तिला फार आवडतं.

आता ऐक. कागद छापून झालेत. आत्ता नाव काढा म्हटलं तर का ते सांगावं लागेल. जानेवारीत माझं पद पक्कं झालं की मीच साहेब, मग एका रेघेत काढतो. तोवर दर दुसऱ्या गुरुवारी वीस-पंचवीस माणसं दोन तास पालथी पडली तर मिनेटचं काय जाणार आहे? लुबिनला माझा नमस्कार सांग. किंवा नको सांगूस.

कुंडी हलवली.

जर्व्हन

*

बेल रिव्ह, १७ नोव्हेंबर

जर्व्हन,

तुझं आठ तारखेचं पत्र आज मिळालं. चंद्राचा विचार करणारा तू एकटा होतास हे वाचलं. दर दुसऱ्या गुरुवारी म्हणजे दर चौदा दिवसांनी. पौर्णिमेपासून चौदा दिवस मोज. बोटांवर मोजता येतात, खिडकीशेजारचं टेबल लागत नाही.

अकरा तारखेला सकाळी मिनेटचं पाणी काळं दिसत होतं, इतका थवा होता. तीन वर्षांत असा लागला नव्हता. नऊला लुबिनने शंख फुंकला. होडी निघाली, रापणीचा अर्धा वेढा पडला, आम्ही सगळे वाळूवर तोंड बंद करून उभे. तेवढ्यात हेस्केथच्या व्हॅनवरचं ते ब्रेडफ्रूट टेकडी उतरून आलं. एकतीस माणसं. आम्ही बायका स्कर्ट हलवत धावलो, थांबा, थांबा. त्यांना वाटलं स्वागताचा नाच आहे. त्यांनीही हात हलवले. लुबिन वरून शंखावर शंख फुंकत होता, तर एका तरुणाने नळीतून तसाच आवाज काढून त्याला उत्तर दिलं. मग सगळे एकदम पाण्यात शिरले.

थवा उघड्या बाजूने निघून गेला. ते दिसतं, माहीत आहे? काळं पाणी हळूहळू हिरवं होतं. आणि गडबडीत रापण खडकाला अडकली. तुम्ही ज्याला अस्पर्श बगीचा छापलंय त्याच खडकाला. तुझा बाप थिओफिल याच खडकावरून रापण सोडवायला खाली गेला होता आणि वर आला नाही. तू सात वर्षांचा होतास, तुला मी घराबाहेर येऊ दिलं नव्हतं. या वेळी लुबिन खाली उतरला, अडुसष्ट वर्षांचा माणूस. त्याला खाली इतका वेळ लागला की मी प्रार्थनासुद्धा मधेच विसरले. वर आला तेव्हा कानातून रक्त येत होतं. रापण दोन ठिकाणी फाटली.

टोपलीभर मासळी मिळाली. तेवढ्याचेही वाटे घातले, माणशी दोन-दोन. लुबिनने शाळेतल्या मुलीकडून तुझा कागद वाचून घेतला होता. बदामाखालचा म्हातारा कुठल्या छापखान्याला माहीत असतो? त्याने वाटे पुकारले. आपल्या घरचं नाव पुकारलं नाही. मी टोप घेऊन उभी होते. मग टोप घेऊन घरी आले.

मला माशांचं काही नाही. गावातून तुझं उरलेलं एवढंच होतं, म्हणून रडले. तुला हे कळावं म्हणून लिहिते, दया यावी म्हणून नाही. दया तुझ्या त्या कुंडीवर कर.

तांती

*

मायामी, २६ नोव्हेंबर

तांती,

पत्र वाचून मी ब्रिजेटकडे गेलो. म्हणालो, पाचवी जागा काढा. तिने विचारलं का. मी रापण सांगितली, थवा सांगितला, शंख सांगितला. तिचे डोळे चमकले. म्हणाली, "पर्यटकांना हेच तर हवंय! शंख दर गुरुवारी दहाला वाजवता येईल का?" मी म्हणालो, माशांशी बोलून घ्यावं लागेल. तिने ते लिहून घेतलं.

मग दुसरा उपाय उरला नाही. मी सांगितलं की मी ती जागा पाण्याखालून कधी पाहिलेली नाही. एकही पाहिलेली नाही. मला पोहता येत नाही, माकुल्या माझ्या आत्याच्या आहेत, पंखेही तिचेच, आणि मिनेटच्या खडकाबद्दल मला एवढंच माहीत आहे की तो माणसं ठेवून घेतो. हे ऐकल्यावर मात्र वकील धावत आले. दुपारपर्यंत मिनेट यादीतून गेलं, छापलेले कागद कापून टाकले, काल जहाजावर नवे वाटले. इतकं कार्यक्षम खातं आहे आमचं, मला कल्पना नव्हती.

सगळ्या बेटांचा कारभार आता कुणा डेन्मार्कच्या मुलाकडे गेलाय. तो उत्तम पोहतो. मला नोकरीवरून काढलं नाही, जहाजावर पाठवलं आहे, डेकवर टॉवेल वाटायला. पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्याच्या इतक्या जवळचं काम देणारी आमचीच कंपनी.

जहाज नऊ डिसेंबरला आपल्याकडे येईल. मला दहा ते तीन सुट्टी आहे. या वेळी मोजलं मी. अमावास्येला दोन-तीन दिवस उरलेले असतील. लुबिनला काय सांगायचं ते मला सुचत नाही. लाज वाटते, एवढंच खरं आहे. तू माझ्यासाठी आणखी खोटं बोलू नकोस. मी येतो.

जर्व्हन

*

बेल रिव्ह, १० डिसेंबर

जर्व्हन,

हे पत्र तुमच्या पुढच्या बंदरावर पोचेल असं पोस्टातली बाई म्हणते. ती शिक्का मारेपर्यंत खरं बोलते, पुढचं देवाला माहीत.

काल तू तीनला भोंग्याच्या भीतीने पळालास, बूट इथेच राहिले. कंपनीचे आहेत ना? मग मी ते कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलेत. तुझ्या पाठीमागे काय झालं ते लिहिते.

आधी तू असताना काय झालं ते, कारण तुझे डोळे बंद होते. पांढऱ्या गणवेशात, छातीवर नावाची पाटी लावून वाळूवर आलास, तेव्हा सगळ्यांना वाटलं कस्टमचा माणूस आला. लुबिनने ओळखलं आणि टेकडीवर निघून गेला. तू दीड तास उन्हात उभा राहिलास. तुझ्याशी कुणी बोललं नाही, मीही नाही. शंख झाला, दोर आला, आणि तुला पाण्याकडचं टोक दिलं. मुद्दाम दिलं, उगाच मनाला चांगलं वाटून घेऊ नकोस. पाणी कमरेला आलं, मग छातीला आलं. तू डोळे मिटलेस आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होतास, पण दोर सोडला नाहीस. मला इतकी भीती वाटली की मी दोर ओढायचंच विसरले आणि मागच्या बायकांनी मला शिव्या दिल्या.

तुला पोहायला येत नाही यावर मी इतकी वर्षं हसते. तुला शिकवू नका असं मीच गावाला सांगितलं होतं. घरी रोज बादलीतल्या पाण्याचीही भीती मीच घातली. एक भाऊ गेला होता, दुसरं कुणी पाण्यात जाऊ नये म्हणून. हे तुझ्या तोंडावर सांगायला मला जमलं नसतं.

आता वाटे. मासळी चांगली निघाली, पाच टोपल्या. लुबिनने एकेक नाव पुकारलं. मी टोप आणला नव्हता. शेवटचं नाव झालं, लोक उठायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "जर्व्हन."

तुला वाटेल त्यात काय, पूर्वीही पुकारायचाच. नाही. एवढी वर्षं तो "थिओफिलचा पोरगा" म्हणायचा. तो वाटा तुझा नव्हता, थिओफिलचा होता. तो बुडाला त्या दिवशी त्याला खाली जायला लुबिनने सांगितलं होतं, म्हणून तो वाटा देत होता. मी तुला पत्रात 'तुझा वाटा' लिहायची, तुला गाव आठवावं म्हणून. तुझं नाव त्याच्या तोंडून मी काल पहिल्यांदा ऐकलं.

नऊ मासे. मी घ्यायला पुढे झाले आणि म्हणाले, तो जहाजावर गेला, तेवीस तारखेला येईल. लुबिनने मान डोलावली. मग दोर गुंडाळणाऱ्या पोरांकडे वळून तो म्हणाला, "पुढच्या वेळी त्याला वर वाळूवर उभा करा रे. पाण्याकडच्या टोकाला मी राहीन."

तुझी,
तांती क्लोडेट